हार खंय घालतलात?

आमच्या नाक्यावर जे उभं आहे ते कोणाचंच नाही. महापुरुषाचं नाही, देवाचं नाही, आंब्याचं किंवा माशाचंही नाही. आंबा आणि मासा मुद्दाम सांगतो, कारण गाव आलं हे कळवायला कोकणात हल्ली सिमेंटचा हापूस नाहीतर सिमेंटचा डॉल्फिन उभा करायची पद्धत पडली आहे. हापूस पिवळाजर्द असतो, डॉल्फिन हसत असतो, खाली ‘सुस्वागतम्’ असतं. पर्यटक गाडी बाजूला घेतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. कोणाला काही विचारावं लागत नाही. आमच्याकडे विचारावं लागतं, आणि विचारायला लोक माझ्याच दुकानात येतात. माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान त्याच्या बरोबर समोर आहे.

“काका, ते काय आहे?”

पूर्वी मी समजावून सांगायला बघायचो. आता “शिल्प आहे” एवढंच म्हणतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. “कसलं?” हा पुढचा प्रश्न येतोच. आधार कार्डाच्या दोन प्रती काढता काढता त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून ते इथे लिहून ठेवतो.

गावाचं नाव लिहीत नाही. सिंधुदुर्गातलं, समुद्राकाठचं, तालुक्याचं गाव एवढं पुरे, ओळखणारे ओळखतील. नाका तीन रस्त्यांचा. एक मुंबई-गोवा हायवेकडून येतो, एक बंदराकडे उतरतो, तिसरा बाजारातून एसटी स्टँडला जातो. सकाळी बंदरावरून मासळीचे टेम्पो वर येतात, मागून बर्फाचं पाणी ठिबकवत. त्याच वेळी शाळेच्या रिक्षा, चिऱ्यांचे डंपर, दूधवाले. सुट्ट्यांत यात पुण्या-कोल्हापूरच्या पासिंगच्या गाड्यांची भर पडते, आणि ‘बीच कुठे’ हे विचारायला त्यांना नाक्याच्या मधोमधच थांबायचं असतं. गणपतीच्या आधीचे दिवस तर बोलायलाच नको. अर्धी मुंबई इथून वळते.

या सगळ्याच्या मध्यावर जांभ्या चिऱ्यांचा गोल चौथरा आहे. त्यातून स्टेनलेस स्टीलची तीन पाती वर जातात. प्रत्येक पातं कमरेशी जरा पिळलेलं, वर गेल्यावर दुसऱ्याकडे झुकलेलं. टोकं एकमेकांना भेटणार असं वाटतं आणि हातभर आधी थांबतात. सगळ्यात उंच पातं माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्याच्या छपरापर्यंत येतं. बंदराकडून चढताना तिन्ही एकामागे एक येतात आणि शिल्प मिटल्यासारखं दिसतं, नुसता एक वाकडा खांब. एसटी स्टँडकडून बघितलं तर मधे फट उघडते आणि फटीतून हायवेचा रस्ता दिसतो, त्यावरून येणारी गाडी दिसते. एवढ्याशा जागेत कोणीतरी हे नीट मोजूनमापून केलं आहे हे कळायला मला बराच काळ जावा लागला. ते कळलं तेही कलेतलं काही कळतं म्हणून नव्हे, तर दिवसभर दुसरं काही बघायला नसतं म्हणून.

बसवायला आली होती ती तिशीतली मुलगी. मुंबईला जेजे आर्ट स्कूलमध्ये शिकलेली, आजोळ याच तालुक्यातलं. क्रेन आली तेव्हा अख्खा बाजार गोळा झाला. मुलीच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात वेल्डिंगची काच, आणि तोंडात आजीची असावी अशी खणखणीत मालवणी. त्यामुळे लोक जरा सैल होते, नाहीतर त्या दिवशीच काहीतरी झालं असतं. आमचे एक निवृत्त गुरुजी पुढे झाले.

“कोणाचो पुतळो ह्यो?”

“कोणाचोच न्हय, गुरुजी.”

गुरुजींनी तीन पाती खालपासून वरपर्यंत न्याहाळली.

“मगे हार खंय घालतलात?”

सगळे हसले, मुलगीही हसली. मला मात्र हार कुठे घालणार हा प्रश्न आजतागायत थट्टेचा वाटलेला नाही. गुरुजींनी नेमका मुद्दा धरला होता. पुतळा म्हणजे नुसती आकृती नव्हे, ती एक व्यवस्था असते. जयंती असते, पुण्यतिथी असते. शिडी कोण आणणार, आधी कोणाचा हार, नंतर कोणाचा, बॅनरवर कोणाचे फोटो, हे सगळं ठरलेलं असतं. आणि ठरलेलं नसेल तर बंदोबस्त असतो. चौथऱ्यावर बसायचं नाही, चपला घालून चढायचं नाही. रात्री कोणी काही करू नये म्हणून आधी कुंपण येतं, मग दिवा, मग कॅमेरा, मग होमगार्ड. मी हे कुचेष्टेने लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल मनात आदर आहे त्यांच्या पुतळ्यापाशी असंच वागावं. पण वाहत्या नाक्यावर आपल्या आदराचं माणूस उभं करायचं आणि मग त्याच्यापायी चोवीस तास जीव मुठीत धरायचा, हे मला कधी पटलेलं नाही.

कागदाचं म्हणाल तर ते सगळे कागद माझ्या मशीनवरून जातात. गावात पुतळा बसवायची मागणी दर दोन-तीन वर्षांनी निघते, अर्ज माझ्याकडे टाइप होतो, आणि त्या निमित्ताने नियम मला पाठ झाले आहेत. पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मंजुरी लागते, वर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. त्यातून १८ जानेवारी २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने रस्ते, पदपथ आणि लोकांच्या वापराच्या जागांवर पुतळे उभारायला राज्यांनी परवानगी देऊ नये असा आदेश दिला. मात्र त्याच आदेशात दिव्यांचे खांब, वाहतुकीची कामं आणि रस्त्यांचं सुशोभीकरण यांना सूट आहे. आमचं शिल्प आलं ते या दारातून. मंजुरीच्या कागदावर ‘शिल्प’ असं कुठेही नव्हतं. ‘चौक सुशोभीकरण’ या एका शीर्षाखाली पेव्हर ब्लॉक, लोखंडी बाक, शोभेची झाडं आणि हे. हायमास्टच्या दिव्याला सरकारदरबारी जो दर्जा, तोच याला. मला ही गोष्ट फार आवडते. कोणाचंच नसल्यामुळे ते कोणाच्या नजरेत न येता आत शिरलं.

कोनशिलेवर नगराध्यक्ष, उपनगराध्यक्ष, सगळे नगरसेवक, मुख्याधिकारी आणि ठेकेदार यांची नावं आहेत. ज्या मुलीने ते केलं तिचं नाही. असो.

नाव मात्र गावाने ठेवलं. ‘पातां’. रिक्षावाल्यांनी सुरुवात केली, कारण त्यांना भाडं सोडायला खूण लागते. आता वडापावची गाडी पात्याकडची, एटीएम पात्यासमोरचं, आणि माझ्या दुकानाचा पत्ताही तसाच. कुरिअरवाला दुसऱ्या कशाने ओळखत नाही.

चौथऱ्यावर बसायला कोणाची ना नाही, हे रिक्षावाल्यांच्या आधी पोरांनी हेरलं. मग सगळेच बसायला लागले. एप्रिल-मे मध्ये नाक्यावर सावली नावाला नसते, होती ती दोन झाडं रस्त्याने खाल्ली. तेव्हा दुपारी रिक्षावाले पात्यांच्या सावलीत बसतात. सावली अरुंद, एका पात्याची एका माणसापुरती. ती सरकली की माणूस सरकतो, चहाचा ग्लास हातात घेऊन, बोलणं न तोडता. बारा वाजता ते पायथ्याशी चिकटून असतात, चार वाजेपर्यंत सरकत सरकत हायवेच्या बाजूला पोचलेले असतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. त्या दिवसांत खलाशी बाजारात येतात आणि पाऊस उघडला की इथेच बसतात, बंदराकडे पाठ करून. अकरावीची मुलं बसतात. एकदा एक बाई बराच वेळ रडत बसली होती, कोणी काही विचारलं नाही, मग ती उठून एसटीकडे गेली. पुतळ्याच्या पायाशी तिला इतका वेळ बसू दिलं असतं की नाही, मला शंका आहे.

तौक्ते वादळ आलं तेव्हा, २०२१ च्या मे महिन्यात, माझ्या दुकानाचे पत्रे उडाले, नाक्यावरचे बॅनर कुठच्या कुठे गेले, माड आडवे झाले. दुसऱ्या दिवशी लोक आपापलं नुकसान बघून झाल्यावर पात्यांकडे बघत होते. ती होती तशी होती. वारा त्यांच्या मधून निघून गेला असणार. त्यानंतर गावाची त्याच्याशी बोलण्याची पद्धत बदलली. ‘ह्यां काय आसा’ कमी झालं आणि ‘घट आसा हां’ सुरू झालं. घट्टपणाला आमच्याकडे मान आहे.

त्या मानाची परीक्षा पुढे झाली. २६ ऑगस्ट २०२४ ला मालवणला राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा कोसळला. उभारून नऊ महिनेही झाले नव्हते. त्या आठवड्यात इथे कोणी धड जेवलं नसेल. आणि त्या आठवड्यापासून जिल्ह्यातला प्रत्येक माणूस गंजाचा तज्ज्ञ झाला. नट, बोल्ट, वेल्डिंग, वाऱ्याचा वेग, सगळ्यांना सगळं कळायला लागलं. आमच्या पात्याकडेही लोक वाकून बघायला लागले, आणि त्यांना डाग दिसले.

डाग होतेच. चहा सांडून वाळल्यावर राहतात तसे तपकिरी ओघळ. पण कुठे आहेत ते नीट बघण्यासारखं आहे. पात्याची जी बाजू आभाळाकडे आहे तिथे जवळपास नाहीत. पातं जिथे वाकतं त्याच्या पोटाखाली, जिथे पाऊस पोचत नाही तिथे आहेत, आणि समुद्राकडच्या अंगाला जास्त. वेल्डिंगच्या शिवणीलगत तर रेघ मारल्यासारखे. माझा एक मित्र फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवतो, होड्यांची कामंही करतो. त्याला घेऊन आलो. त्याने नखाने डाग खरवडला, बोट जिभेला लावलं, आणि म्हणाला, मीठ आहे. त्याने सांगितलं ते असं. स्टेनलेस गंजत नाही कारण त्यातल्या क्रोमियममुळे अंगावर एक पातळ पापुद्रा धरतो, दिसतही नाही इतका पातळ. खारा वारा तो पापुद्रा पोखरतो. बाजारात ३०४ आणि ३१६ असे दोन प्रकार मिळतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम दोन-तीन टक्के असतं, म्हणून ते मिठाला जास्त टिकतं, आणि महागही असतं. यात काय वापरलंय ते नुसतं बघून सांगता येत नाही, पण डाग वरवरचे आहेत, धातू खाल्लेला नाही. “पावसात काय होत नाय तेका,” तो म्हणाला. “पावस धुता. दिवाळी झाली की वाऱ्यार मीठ येता आनी सुकता, तो खरो त्रास. महिन्यातून एकदा गोड्या पाण्यान धुवक व्हया.”

मला हे ऐकून मोठी मौज वाटली. आम्ही जन्मभर पावसाला शिव्या देतो. पावसाने लाकूड कुजतं, कपाट फुगतं, झेरॉक्सचा कागद दमट होऊन मशीनमध्ये अडकतो. आणि इथे एक वस्तू अशी आहे की पावसाळा हाच तिचा आरोग्याचा काळ. मे महिन्यात ती सगळ्यात आजारी दिसते, ऑगस्टात टवटवीत.

याला अर्थ काय हा प्रश्न मात्र तसाच राहतो. तो टाळण्याची एक सोयीची वाट आहे आणि हल्ली शिकलेली माणसं तीच धरतात. म्हणतात, अमूर्त आपल्याला नवीन कुठे आहे? देवराईत बघा, पाषाणाला आपण देव मानतो. सातेरी देवीच्या गाभाऱ्यात मूर्ती नसते, वारूळ असतं. वारुळाला नाक-डोळे आहेत का? तरी आपण नारळ ठेवतोच ना?

ऐकायला छान वाटतं, पण मला हे पटत नाही. वारूळ अमूर्त नाही. सातेरी तिथे आहे. तिला गाव माहीत आहे, घराणी माहीत आहेत, कोणाचा मान कधीचा ते माहीत आहे. तिच्यासमोर उभं राहून गाऱ्हाणं घालतात तेव्हा ते मातीच्या आकाराला नसतं, तिला असतं. राखणदाराच्या दगडाला आम्ही ओबडधोबड शिल्प म्हणून कधी पाहिलंच नाही. तो रात्री फिरतो, त्याच्या पायाच्या वहाणा झिजतात. त्याच्याइतका ठोस गावात दुसरा कोणी नसेल. तेव्हा पात्याला सातेरीच्या रांगेत बसवणं हे दोघांनाही न शोभणारं आहे. जवळचं उदाहरण हवंच असेल तर सड्यावरची कातळशिल्पं घ्या. रत्नागिरी-राजापूरपासून आमच्या कुडोपीपर्यंत जांभ्याच्या उघड्या कातळावर कोरलेल्या आकृती सापडल्यात, त्यातल्या काही जागा २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेल्या. हत्ती, मासा, माणूस ओळखू येतात. पण काही नुसत्या रेषा आहेत, चौकटीत चौकटी, वळणं, ज्यांचा कोणालाच पत्ता लागत नाही. कोकणात जुनं आणि न कळणारं काही दिसलं की ते पांडवांनी एका रात्रीत केलेलं असतं, त्यावर विषय मिटतो. गुरं त्यावरून चालत गेली, माणसं चालत गेली, कोणाचं काही अडलं नाही. न कळणाऱ्या गोष्टीशेजारी राहायची ती सवय आमच्या अंगात आहे, एवढंच मी म्हणेन. भक्तीचा तिथे संबंध नाही.

असं मी मनाशी ठरवून बसलो होतो, आणि पालखीने घोटाळा केला.

आमच्या ग्रामदेवतेची पालखी वर्षातून एकदा बंदरावर जाते. बाजारातून येते, नाका ओलांडते, उतारावरून खाली. पूर्वी मधे काहीच नव्हतं, सरळ जात होती. चौथरा झाल्यावर पहिल्याच वर्षी मानकऱ्यांची बैठक बसली. आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे गोल चौकाला वळसा घालताना मधलं बेट कायम उजव्या हाताला राहतं. उजव्या हाताला ठेवून वळसा म्हणजे काय हे आपल्यात कोणाला सांगायला नको. नाक्यावरचा प्रत्येक डंपर, प्रत्येक एसटी, प्रत्येक पुण्याची गाडी दिवसभर पात्याला प्रदक्षिणाच घालत असते, त्याचं कोणाला काही नाही. पण पालखी? थोरल्या मानकऱ्यांनी एका वाक्यात निकाल दिला.

“देव कित्या तेका परदक्षिणा घालतलो?”

तेव्हापासून त्या दिवशी पालखी उलट्या बाजूने जाते. हवालदार हायवेकडची वाहतूक अडवतो, शिट्टी फुंकतो, ढोल-ताशे आणि अब्दागिरी घेऊन देव पन्नास पावलं राँग साइडने चालतो, पात्याला डाव्या हाताला ठेवून, आणि पुढे परत नियमाच्या बाजूला येतो. पर्यटक थांबून व्हिडिओ काढतात. त्यांना वाटतं जुनी प्रथा असेल. अजून पंधरा वर्षांनी ती जुनी प्रथा होणारच आहे, तिच्यामागे एखादी कथाही लागेल.

आता सांगा, जे कोणाचंच नाही त्याला देवाने प्रदक्षिणा घालू नये म्हणून इतकी काळजी कशाला? हायमास्टच्या खांबाला पालखी उजवी घालते की डावी, हे कधी कोणी बघितलं नाही. मी थोरल्या मानकऱ्यांना हे विचारलं. ते झेरॉक्स मोजत होते, मोजणं संपेपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, खांबाचं काम खांब करतो. ह्याचं काम काय ते ठाऊक नाही, म्हणून जपून असलेलं बरं. कलेवर मी जे थोडंफार वाचलंय त्यात यापेक्षा नेमकं काही वाचल्याचं आठवत नाही.

माझे मामा बेस्टमध्ये ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा त्यांना पात्याचं काहीच नवल वाटलं नाही. हाजी अलीला असंच एक होतं म्हणाले. बरोबर आहे, पिलू पोचखानवाला यांचं ‘स्पार्क’ तिथल्या चौकात उभं होतं, पुढे ते तिथून गेलं. मामांना ना त्याचं नाव माहीत, ना करणाऱ्या बाईंचं. पण ते कोणत्या वळणाला दिसायचं, सकाळच्या उन्हात कुठून चमकायचं, हे सगळं त्यांच्या हातांना ठाऊक होतं. सांगताना दोन्ही हात स्टेअरिंगसारखे फिरत होते. ते गेलं तेव्हा कुठे तक्रार केली का, विचारलं. नाही म्हणाले, ड्युटीवर होतो.

लोक चिडतात ते मात्र सगळीकडे सारखंच. शिकागोत १९६७ मध्ये पिकासोचं पन्नास फुटी पोलादी शिल्प उभं राहिलं. त्याला नाव नाही, त्यासाठी पिकासोने मोबदला घेतला नाही, आणि ते बाई आहे, कुत्रं आहे की पक्षी, यावर गावभर भांडण. तिथल्या एका नगरसेवकाने तर हे काढा आणि इथे आपल्या बेसबॉलच्या खेळाडूचा पुतळा बसवा असा प्रस्ताव आणला होता. आमच्याकडेही एका सभेत याच्या जागी मासा बसवा असा विषय निघाला. कोणता मासा यावर एकमत न झाल्याने तो बारगळला. सुरमई आणि बांगड्याच्या भांडणाने गावातलं एक शिल्प वाचवलं, हे मी आनंदाने नोंदवतो. शिकागोतल्या उतरत्या पायथ्यावरून पोरं घसरगुंडी खेळतात. ते शिल्प ज्या पोलादाचं आहे त्याला गंज मुद्दाम धरू देतात. तो गंजाचा थरच आतल्या धातूची राखण करतो. ते इथे आणून ठेवलं असतं तर खाऱ्या वाऱ्याने तो थर कधी बसूच दिला नसता. आमच्या पोरीने स्टेनलेस घेतलं ते शहाणपणाने घेतलं.

एका स्वातंत्र्यदिनाला कोणाला तरी हुक्की आली आणि पात्यांना तिरंगी एलईडीच्या पट्ट्या गुंडाळल्या. दिवस सरला, पट्ट्या राहिल्या. त्यातली हिरवी बंद पडली, केशरी लुकलुकत राहिली, आणि पट्टीच्या चिकटपट्टीखाली मीठ साचून नवीन डाग पडले. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही, कारण चांगलं लिहिता येणार नाही. शेवटी वडापाववाल्यानेच एका रात्री शिडी लावून त्या काढल्या.

आता नाका रुंद करायचा आहे. बंदराकडच्या रस्त्याला डंपर वळत नाहीत ही गोष्ट खरी आहे, मी रोज बघतो. आखणी झाली, चुन्याच्या रेघा पडल्या, आणि त्यातली एक रेघ चौथऱ्यावरून गेली. ‘सुशोभीकरणाचे साहित्य योग्य ठिकाणी हलवणे’ असं कागदावर आहे. योग्य ठिकाण म्हणजे नगरपंचायतीच्या मागचं आवार, जिथे जुनी घंटागाडी आणि मोडके बाक आहेत. पुतळा असता तर हे असं एका ओळीत झालं नसतं. आंदोलन झालं असतं, बैठका झाल्या असत्या. ज्या दाराने ते आत आलं त्याच दाराने त्याला बाहेर काढता येतं, हे मला त्या दिवशी लख्ख कळलं.

रिक्षा संघटनेचे लोक दुकानात आले. अर्ज लिहायचा म्हणाले. मी कॉम्प्युटर लावला. ‘विषय : नाक्यावरील शिल्प आहे त्या ठिकाणी ठेवणेबाबत.’ मग कारणं काय लिहायची यावर सगळे गप्प. सांस्कृतिक ठेवा लिहू का, विचारलं. एकाने तोंड वाकडं केलं. पर्यटन? तेही नको. मग अध्यक्ष म्हणाले, सावलीचं लिही. वळताना समोरचं दिसतं ते लिही. तौक्त्यात पडलं नाही तेही लिही. आणि चौथऱ्याचा घेर कमी करा, पण पातां थंयच ऱ्हवांदे. मागून एक पोरगा म्हणाला, महिन्याला एकदा गोड्या पाण्याने धुवायचं आम्ही बघतो, तेही घाल. मी तेही घातलं. खाली सह्यांसाठी जागा सोडली. गुरुजी दारात उभे राहून सगळं ऐकत होते, त्यांनी खिशातून पेन काढून पहिली सही केली आणि पुढे कंसात ‘सेवानिवृत्त मुख्याध्यापक’ असं लिहिलं, वजन पडावं म्हणून.

अर्ज आवक क्रमांक पडून आत गेला आहे. चुन्याची रेघ पहिल्या पावसात धुऊन गेली, पण आखणी नकाशावर आहे, ती जाणार नाही. संघटनेने तीन प्रती नेल्या: एक नगरपंचायतीला, एक बांधकाम विभागाला, एक स्वतःकडे. झेरॉक्सचे पैसे मी घेतले. टायपिंगचे सोडले.